शाळेतलं जेवण उरतंय? मेनू बदलण्याआधी घड्याळ बघा

तुमचा प्रश्न लांबलचक होता, म्हणून मला काय समजलं ते आधी सांगते. शाळेत सगळ्या मुलांना दुपारचं जेवण मिळतं. या वर्षी शाळेने तळलेले आणि गोड पदार्थ एकदम बंद केले. भाज्या, कडधान्यं आणि फळं वाढवली. तेव्हापासून जवळजवळ निम्मं जेवण टाकून द्यावं लागतंय आणि मुलं घरी आल्या आल्या बिस्किटांवर तुटून पडतात. पालक समितीत तीन गट पडलेत. एक म्हणतो, जुना मेनू परत आणा. दुसरा म्हणतो, ताट संपवल्याशिवाय उठू देऊ नका. तिसऱ्याचं म्हणणं, भाजी संपवणाऱ्याला चॉकलेट द्या. शिवाय तुमचा स्वतःचा सात वर्षांचा मुलगा कोरड्या भाताशिवाय कशालाच हात लावत नाही, आणि त्याच्या दप्तरात बिस्किटाचा पुडा ठेवावा का, असंही तुम्ही विचारलंय.

शाळांच्या स्वयंपाकघरांसोबत आणि जेवणावरून रोज रडारड होणाऱ्या घरांसोबत मी बरीच वर्षं काम करते आहे. या तिन्ही गटांपैकी एकाचंही मला पटत नाही. तिघांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे: दोष मुलांच्या जिभेचा आहे. तो थोडाफार असतोही. पण शाळेत अन्न वाया जातं तेव्हा मी जीभ सगळ्यात शेवटी तपासते. त्याआधी जेवायला किती वेळ मिळतो, जेवण कितीच्या ठोक्याला असतं, कसं वाढलं जातं आणि मोठी माणसं आजूबाजूला काय बोलत असतात, हे बघते.

काही गोष्टी तुमच्या शाळेवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसणार नाहीत. जेवण शाळेतच शिजतं की बाहेरून डब्यांतून येतं? मुलं सकाळी पोटभर खाऊन येतात की उपाशी? आणि सगळ्यात महत्त्वाचं, शाळेतलं जेवण हेच दिवसातलं मुख्य जेवण आहे अशी मुलं तुमच्या शाळेत आहेत का? असतील तर ‘हळूहळू सवय होईल’ असं म्हणून महिनाभर अर्धी ताटं वाया जाऊ देणं परवडणार नाही. तिथे ओळखीचा, पोटाला आधार देणारा एक पदार्थ रोज असलाच पाहिजे आणि नवं जे काही असेल ते त्याच्या जोडीला.

आता पहिलं काम. समितीची पुढची बैठक होण्याआधी एखाद्या दुपारी उष्टं टाकायच्या बादलीजवळ उभे राहा. हसू नका, मी कुठल्याही शाळेत गेले की आधी तिथेच जाते. बादलीत काय पडतं यापेक्षा कसं पडतं ते बघा. सगळेच पदार्थ थोडे थोडे उरून येत असतील तर मुलांना भूक नाही किंवा वेळ पुरत नाही. एकच पदार्थ जसाच्या तसा येत असेल तर गडबड त्या पदार्थात आहे. एक घास खाऊन टाकलेला असेल तर चव किंवा पोत आवडला नाही, पण मुलाने धीर करून तोंडात घातलं होतं, आणि ही चांगली बातमी आहे. धान्य, भाजी आणि फळ यांच्यासाठी वेगळ्या बादल्या ठेवा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा आणि इयत्तेप्रमाणे लिहून ठेवा. दोन आठवड्यांची अशी वही हातात असली की समितीतली निम्मी भांडणं आपोआप मिटतात.

बादलीजवळ उभं राहिलं की काय दिसतं याचं एक उदाहरण देते. पहिली-दुसरीच्या मुलांना अख्खं सफरचंद दिलं जातं. त्या वयात पुढचे दुधाचे दात पडलेले असतात. मूल सफरचंद आडवं धरतं, बाजूच्या दातांनी सालीवर ओरखडा काढतं, दोनदा चाटतं, इकडेतिकडे बघतं आणि बादलीत टाकतं. वहीत नोंद होते, ‘मुलांना फळं आवडत नाहीत’. तेच सफरचंद फोडी करून दिलं की संपतं. फोडी काळ्या पडतात अशी स्वयंपाकघराची तक्रार असते आणि ती खरी आहे. वाढायच्या जेमतेम आधी कापायचं आणि थोडं लिंबू चोळायचं, एवढ्याने काम भागतं. कापायला एक माणूस जास्त लागतो हे मात्र मान्य करून चला.

आता घड्याळ. वेळापत्रकात जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची लिहिलेली असते. त्यातून हात धुणं, रांग, जागा शोधणं आणि शेवटची आवराआवर वजा करा. रांगेतल्या शेवटच्या मुलाच्या वाट्याला प्रत्यक्ष बसून खायला किती मिनिटं येतात ते मोजा. दहाच्या आत भरली तर आश्चर्य वाटून घेऊ नका. घाईत असलेलं मूल आधी ओळखीचं आणि मऊ तेवढं गिळतं. भाजी चावावी लागते, त्यामुळे ती मागे राहते आणि तेवढ्यात घंटा होते. अमेरिकेत शाळकरी मुलांच्या ताटांची मोजमापं घेऊन केलेला एक अभ्यास आहे. बसून खायला 20 मिनिटांपेक्षा कमी वेळ मिळालेल्या मुलांनी, निदान 25 मिनिटं मिळालेल्या मुलांच्या तुलनेत, मुख्य पदार्थ 13 टक्के, भाजी 12 टक्के आणि दूध 10 टक्के कमी घेतलं. म्हणून माझी पहिली मागणी नेहमी एकच असते: शेवटच्या मुलालाही बसून खायला वीस मिनिटं मिळाली पाहिजेत. वाढपाच्या दोन रांगा करा, लहान वर्गांना पाच मिनिटं आधी सोडा, काय जमेल ते करा.

दुसरी गोष्ट म्हणजे खेळ आधी की जेवण आधी. जेवणानंतर खेळायला सोडायचं असेल तर मुलांचं अर्धं लक्ष मैदानावर असतं आणि ताट हा मधला अडथळा होतो. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या प्राथमिक शाळांमध्ये खेळाची सुट्टी जेवणाआधी घेऊन पाहिली, तेव्हा फळं-भाज्या खाण्याचं प्रमाण 54 टक्क्यांनी वाढलं. मुलं दमून, भूक लागून येतात आणि उठून पळायची घाई नसते. या बदलाला पैसा लागत नाही. अडचण असते ती वेळापत्रकाची आणि घामेजलेल्या मुलांचे हात धुवून घेण्याची. माझा अनुभव असा की शाळा नवा पदार्थ चटकन मान्य करतात, पण तासांची अदलाबदल करायची म्हटली की मुख्याध्यापकांच्या कपाळाला आठ्या पडतात. तरी हा मुद्दा सोडू नका.

आता तुमच्या शाळेच्या नव्या मेनूबद्दल. मला एक दाट शंका आहे. तळलेलं आणि गोड काढलं ते ठीक, पण त्यातून जी ऊर्जा जात होती तिच्या जागी काय आलं? मुलांचं पोट लहान असतं. उकडलेल्या पाणीदार भाज्यांनी ते भरतं, पण दोन तासांत पुन्हा रिकामं होतं. ‘पौष्टिक’ म्हणजे ‘बिनतेलाचं’ असा अर्थ घेतला की हेच होतं. वाढत्या मुलांना स्निग्ध पदार्थ लागतात. शिवाय अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं अंगी लागायला जेवणात थोडं तेल असावंच लागतं. मुलं घरी येऊन बिस्किटांवर तुटून पडतात याचं कारण हट्टापेक्षा साधी भूक असण्याचीच शक्यता जास्त. भाजी फोडणीची करा, कडधान्याचा वाटा मोठा ठेवा, अंडं, दही किंवा दाण्यांसारखं काहीतरी ताटात येऊ द्या. अर्थात दाण्यांची ॲलर्जी असलेली मुलं कोण ते आधी विचारून. गोडाला कात्री लावली ती राहू द्या. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवायला सांगते, आणि 5 टक्क्यांच्या आत असेल तर अधिक बरं म्हणते. यात मध आणि फळांचे रसही मोजायचे, हे बरेच जण विसरतात. सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना दिवसाला निदान 350 ग्रॅम फळं-भाज्या मिळाव्यात असंही ती सांगते. हे सगळं शाळेनेच एका ताटात कोंबायचं नाही. तिसरा हिस्सा शाळेने उचलला तरी पुष्कळ झालं.

आणि मोठ्या पातेल्यातली भाजी. ती अकराला शिजते, झाकून ठेवतात, साडेबाराला वाढतात. तोवर हिरवा रंग शेवाळी झालेला असतो, आणि कोबी-फ्लॉवर असेल तर झाकण उघडताच गंधकाचा उग्र वास येतो. कडू आणि उग्र चव मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त बोचते. जे आपल्याला ‘चालेल’ वाटतं ते त्यांना खरोखरच सहन होत नाही. एकदम सगळी भाजी न शिजवता दोन-तीन घाण्यांत शिजवली, थोडी करकरीत ठेवली, तर तीच भाजी वेगळी लागते. जेवण बाहेरून येत असेल तर हे तुमच्या हातात नाही. मग शिजवलेल्या पालेभाज्या कमी करून काकडी, गाजर, टोमॅटो असं कच्चं, नीट धुतलेलं वाढवा.

वाढण्याचा क्रमसुद्धा कामी येतो. भूक सगळ्यात तेज असते ती रांगेत उभं असताना. त्या वेळी हातात दोन गाजराच्या फोडी पडल्या तर त्या खाल्ल्या जातात. बालवाडीच्या मुलांना मुख्य जेवणाआधी 30 ग्रॅमऐवजी 60 ग्रॅम गाजर दिलं तेव्हा त्यांनी 47 टक्के जास्त गाजर खाल्लं. समोर दुसरं काही नव्हतं, एवढंच त्यातलं गुपित.

सक्तीबद्दल मात्र मी ठाम आहे. बालवाडीतल्या मुलांवरच्या एका प्रयोगात काही मुलांना ‘सूप संपव’ असं पुन्हा पुन्हा सांगितलं गेलं आणि काहींना काहीच सांगितलं नाही. ज्यांना टोकलं नाही त्यांनी जास्त सूप प्यायलं; ज्यांना टोकलं त्यांनी त्याला नावंही जास्त ठेवली. मी शाळांत हेच बघते. बाई शेजारी उभ्या राहून ‘अजून दोन घास’ म्हणतात, मूल गालात घास धरून बसतं, बाई पुढच्या बाकाकडे वळल्या की तो रुमालात जातो. त्या दिवशी ताट स्वच्छ दिसतं; पण ती भाजी पुढे कैक महिने नको होते. शिवाय पोट भरल्यावर थांबायचं ही जाण मुलांना जन्मतः असते. ‘ताट संपव’ म्हणत आपण तीच बोथट करतो.

चॉकलेटच्या बक्षिसाने उलटाच धडा मिळतो. भाजी हे काम आणि चॉकलेट ही मजुरी, असं मुलाच्या डोक्यात पक्कं बसतं. मजुरी थांबली की काम थांबतं. बक्षिसाच्या बाबतीत एक सूट मात्र द्यावी लागेल. ब्रिटनमध्ये 4 ते 6 वर्षांच्या मुलांना नावडत्या भाजीचा नुसता एक लहानसा तुकडा चाखल्याबद्दल स्टिकर दिला, रोज, काही दिवस. त्या मुलांचं ती भाजी खाणं वाढलं आणि ते टिकलंही. फरक दोन गोष्टींचा आहे: बक्षीस खाण्याचं नव्हतं, आणि ते संपवण्याबद्दल नव्हे तर चाखण्याबद्दल होतं. तुमच्या तिसऱ्या गटाला एवढं देऊन समजावता येईल. फळांवर कार्टूनची चित्रं चिकटवण्याची जी टूम आहे तिच्यामागे मात्र लागू नका. त्याचा दाखला म्हणून मिरवला गेलेला एक गाजलेला शोधनिबंध 2017 साली मागे घ्यावा लागला. 8 ते 11 वर्षांची म्हणून सांगितलेली मुलं प्रत्यक्षात 3 ते 5 वर्षांची निघाली.

‘मग मुलांवरच सोडायचं का’ असं कोणीतरी विचारणारच. अर्धं. अमेरिकी आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी केलेली वाटणी मी वापरते: काय, कधी आणि कुठे खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, त्यातलं किती खायचं आणि खायचं की नाही, हे मुलाने. याच्याही आधी, 1920 आणि 30 च्या दशकांत, क्लारा डेव्हिस या बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी दूध नुकतंच सुटलेल्या बाळांसमोर 34 पदार्थ ठेवून त्यांना हवं ते, हवं तेवढं खाऊ दिलं. कोणी आग्रह करायचा नाही, नाक मुरडायचं नाही. एकेका वेळचं खाणं अगदी विचित्र असायचं, पण बाळं छान वाढली. लोक हा प्रयोग ‘मुलांना सगळं कळतं’ म्हणून सांगतात. डेव्हिस यांनी स्वतःच बजावलं होतं की खरी मेख त्या 34 पदार्थांच्या यादीत आहे. यादीत साखर नव्हती, मैदा नव्हता, डबाबंद काही नव्हतं. शाळेचं काम म्हणजे ती यादी नीट करणं. त्यानंतर तोंड गप्प ठेवणं, जे यादी करण्यापेक्षा अवघड आहे.

वाढप मुलांच्या हाती देता आलं तर बघा. जपानमध्ये पांढरा ॲप्रन आणि टोपी घातलेली मुलंच वर्गात वाढतात आणि शिक्षक त्यांच्यासोबत तेच जेवतात. तिथे शाळेच्या जेवणाचा कायदा 1954 चा आहे, आणि 2005 च्या आहारशिक्षणाच्या कायद्यानंतर जेवणाकडे शिकवण्याचा भाग म्हणूनच पाहिलं जातं. फिनलंडमध्ये 1948 पासून सगळ्या शाळकरी मुलांना मोफत जेवण आहे. तिथे रांगेच्या तोंडाशी एक नमुन्याचं ताट मांडून ठेवतात: अर्धं भाज्यांचं, पाव भाग धान्य किंवा बटाटे, पाव भाग प्रथिनांचा. मूल ते बघून स्वतः वाढून घेतं. यातलं सगळं तुमच्याकडे जमेल असं नाही. पण शिक्षकांनी मुलांच्या पंगतीत बसून तेच जेवणं, आणि जेवताना भाजीबद्दल अवाक्षर न काढणं, एवढं कुठल्याही शाळेला जमतं.

आता तुमचा मुलगा. नव्या पदार्थांची भीती साधारण दोन ते सहा वर्षांच्या काळात सगळ्यात जास्त असते आणि मग हळूहळू ओसरते. काहींची उशिरा ओसरते. सातव्या वर्षी निवडक खाणं यात एकट्याने काही बिघडलेलं नसतं. त्याची उंची-वजनाची नोंद काढा. या वयात मुलं वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर उंच होतात आणि दोन-तीन किलोंनी भरतात. नोंद तशी असेल तर घरात आधी सगळ्यांनी शांत व्हा. मग त्याच्या ताटात भात असू द्या आणि शेजारी, भाताला न लागता, घरातलीच एखादी भाजी चमचाभर. खाल्ली तर वाहवा नको, नाही खाल्ली तर उसासा नको. एखादी चव आपलीशी व्हायला लहान मुलांना आठ-दहा, कधी पंधरा वेळा चाखावी लागते. बहुतेक घरं तिसऱ्या-चौथ्या खेपेला ‘याला नाहीच आवडत’ म्हणून सोडून देतात. आठवडाभर एकच भाजी धरून ठेवा, रोज नवी नको.

दूध किती पितो तेही बघा. दिवसभर पेल्यामागून पेले पोटात गेले तर जेवणाची भूक मरते, आणि दुधात लोह जवळजवळ नसतंच. भात आणि दूध एवढ्यावर राहणाऱ्या मुलात लोहाची कमतरता सहज होते. कडधान्यासोबत लिंबू किंवा आंबट फळ दिलं तर त्यातलं लोह जास्त शोषलं जातं; जेवणासोबत चहा दिला तर कमी. फिकटपणा किंवा सतत थकवा दिसला तर रक्त तपासून घ्या, अंदाजाने औषध सुरू करू नका.

डॉक्टरांकडे कधी जायचं, तेही सांगून ठेवते. वजन घटतंय किंवा उंची थांबली आहे. आधी खात असलेले पदार्थ एकेक करून सुटत चाललेत आणि नवे येत नाहीत. घास गिळताना ठसका लागतो, दुखतं किंवा उलटी होते. जेवणाच्या भीतीने मूल शाळा, सहल, वाढदिवस टाळू लागलंय. यातलं काहीही असेल तर हे ‘नखरे’ नाहीत. अशा टोकाच्या टाळाटाळीला 2013 पासून खाण्याचा वेगळा विकार म्हणून मान्यता आहे आणि त्यावर उपचार होतात.

समितीत मांडायचं झालं तर माझा क्रम असा राहील: आधी दोन आठवडे वजनाची वही, मग वेळ आणि खेळाची अदलाबदल, मग फळांच्या फोडी आणि पदार्थांतलं तेल-कडधान्य, मेनूत नवा पदार्थ सगळ्यात शेवटी, एका वेळी एकच. प्रत्येक बदलानंतर पुन्हा वजन करा, नाहीतर कशामुळे फरक पडला ते कळणार नाही. जुन्या मेनूवाल्यांना आठवड्यातून एखाद्या दिवशी त्यांचा एक आवडता पदार्थ द्यायला माझी हरकत नाही. रोज नको, आणि कुठलीही भाजी संपवण्याचं बक्षीस म्हणून तर मुळीच नको.

राहिला दप्तरातला बिस्किटाचा पुडा. नको. पुडा आहे हे माहीत असलेलं मूल जेवणाच्या रांगेत उभं राहतं ते फक्त हजेरीपुरतं. त्याऐवजी शाळा सुटल्यावर घरी ठरलेल्या वेळी, टेबलाशी बसून, खरंखुरं छोटं जेवण द्या: अंडं आणि भाकरी-पोळीचा तुकडा, किंवा उसळ आणि फळ, जे घरात असेल ते. त्यानंतर रात्रीच्या जेवणापर्यंत फक्त पाणी. पहिले तीन-चार दिवस कुरकुर होईल. शाळा दूर असेल आणि येतानाच्या प्रवासातच तास जात असेल, तर एक केळं दप्तरात ठेवा, पण ते शाळा सुटल्यावरच खायचं हे त्याच्याशी आधी बोलून घ्या.